ट्राम ८ ते ट्राम डी : ऱ्हाइनकाठचे पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार

सामान घेऊन मी ज्या दाराने बाहेर पडलो ते फ्रान्सचे होते आणि भाची उभी होती ती स्वित्झर्लंडच्या दारात. बाझल-म्युलूझ विमानतळ संपूर्णपणे फ्रान्सच्या भूमीवर आहे. मात्र १९४९ च्या करारानुसार तो दोन्ही देश मिळून चालवतात, आणि बाझल शहरापासून तिथपर्यंत फ्रान्सच्या हद्दीतून जाणारा एक जकातमुक्त रस्ता आहे. इमारत एकच असली तरी तिला दोन बाजू आहेत, आणि पाट्या वाचण्याचा कंटाळा केला की माझ्यासारखी गत होते. "मामा, तुम्ही फ्रान्समध्ये आहात. टॅक्सीत बसू नका, मी सांगते तसे आतूनच फिरून इकडे या," असे भाचीने फोनवर सांगितले, आणि वीस मिनिटांनी आमची भेट झाली.

नगररचना विभागात माझी बत्तीस वर्षे गेली, त्यातली निम्मी कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्या नकाशांत कागलच्या पुढे राज्याच्या हद्दीची तुटक रेघ येत असे आणि तिच्यापलीकडे कोरा कागद असे. निपाणीची बाजारपेठ, तिथून इकडे येणारी वाहने हे सारे त्या कोऱ्या कागदावरून येत असे आणि आमच्या नद्यांचे पाणी त्याच्यावर जात असे. पण ते कर्नाटकाचे, म्हणून आम्ही ते काढत नसू आणि त्यांच्या नकाशात आम्ही नसू. २०१९ च्या महापुरात अलमट्टीतून किती पाणी सोडावे यावर दोन राज्यांत जो वाद झाला, तो वाचताना मला तो कोरा कागद पुष्कळदा आठवला. तीन देशांच्या सांध्यावर वसलेली गावे आपला आराखडा एकत्र कसा करतात, हे पाहण्याची इच्छा तेव्हापासूनची होती. भाची आणि तिचे यजमान इथल्या औषध कंपन्यांत नोकरीला आल्यामुळे त्या इच्छेला निमित्त मिळाले.

त्यांचे घर बाडिशर बानहोफजवळ आहे. हे रेल्वे स्थानक स्विस जमिनीवर उभे असून १८५२ च्या करारापासून ते जर्मन रेल्वेचे आहे. आजची इमारत १९१३ ची. संध्याकाळी पाय मोकळे करायला आम्ही तिथे गेलो. फलाटाकडे जाणाऱ्या भुयारी वाटेत जकातीची चौकी आहे आणि तिच्यासमोरून लोक पाव, फुले, सायकली घेऊन वर न पाहता जात होते.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी क्लाराप्लाट्झहून ८ क्रमांकाची हिरवी ट्राम धरली. गाडी भरलेली होती आणि निम्म्या लोकांच्या हातात रिकाम्या पिशव्या, मोडून ठेवलेल्या ढकलगाड्या होत्या. ही ट्राम क्लाइनह्युनिंगेनच्या बंदराजवळून जाते, सीमा ओलांडते आणि जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइन या गावाच्या स्थानकापाशी थांबते. डिसेंबर २०१४ मध्ये ही वाढीव लाइन सुरू झाली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये ३ क्रमांकाची ट्रामही फ्रान्समधल्या सँ-लुईच्या स्थानकापर्यंत गेली. दोन्ही कामांना स्विस संघराज्याने महानगर-वाहतुकीच्या कार्यक्रमातून पैसे दिले, म्हणजे स्विस करदात्याचा पैसा परदेशात रूळ टाकण्यासाठी गेला. त्यामागचा हिशोब सरळ आहे. एकट्या बाझल शहर-कँटनमध्ये (कँटन म्हणजे स्विस संघराज्यातले घटक राज्य) सीमेपलीकडून रोज तीस हजारांहून अधिक माणसे कामाला येतात. ती मोटारीने आली तर कोंडी बाझलची होते, म्हणून त्यांचा प्रवास त्यांच्या दारापासून सुधारावा लागतो.

लाइन आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नोकरदार होते. शनिवारी मात्र ती किराणा आणते. जर्मनीत वस्तू स्वस्त, त्यात स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याला जर्मन विक्रीकर परत मिळतो. त्यासाठी दुकानातून एक हिरवा कागद घ्यायचा आणि सीमेवर जर्मन जकात अधिकाऱ्याकडून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. भाचीच्या पर्समध्ये अशा कागदांची चळत आहे. कागदांचा इतका पूर आला की जानेवारी २०२० पासून जर्मनीने पन्नास युरोंच्या वरच्याच खरेदीला ही सवलत ठेवली, आणि २०२५ पासून स्वित्झर्लंडनेही माणशी करमुक्त खरेदीची मर्यादा तीनशे फ्रँकवरून दीडशेवर आणली. ट्राम एकत्र आखली, तरी तिच्यात बसणाऱ्याच्या पिशवीचे नियम बर्न आणि बर्लिन आपापले ठरवतात. वाइलच्या रहिवाशांची तक्रार वेगळी आहे : गल्ल्यांत स्विस मोटारी, दुकानांत रांगा, आणि भाडी चढलेली.

शेवटच्या थांब्यापासून आम्ही चालत नदीवर आलो. इथला तीन देशांचा पूल पाहण्यासाठीच मी दोन दिवस आधी विमानात बसलो होतो असे म्हटले तरी चालेल. वाइल आणि फ्रान्समधले ह्युनँग यांना जोडणारा हा पूल फक्त पादचारी आणि सायकलस्वारांसाठी आहे. वास्तुकार दीटमार फायख्टिंगर यांनी तो २४८ मीटर लांब, एकाच कमानीचा केला. २००७ मध्ये तो उघडला तेव्हा पादचारी पुलांत इतका मोठा एक गाळा जगात कुठे नव्हता. नदीत एकही खांब नाही, कारण खालून मालवाहू बार्जा जातात. कमान दोन असमान पोलादी फासळ्यांची आहे, उत्तरेकडची सरळ उभी आणि दक्षिणेकडची तिच्यावर रेललेली, त्यामुळे मधोमध उभे राहिले की एका बाजूला पुलाचा आधार वाटतो आणि दुसरी बाजू बाझलच्या बंदराकडे उघडी राहते. मी कठड्याला हात लावून उभा होतो, तेवढ्यात शाळकरी मुलांची सायकलींची रांग गेली आणि पूल पायाखाली हलका लवला. हे लवणे आराखड्यात धरलेलेच असते, हे माहीत असूनही मी कठडा घट्ट धरला.

पलीकडच्या ह्युनँगला बाझलशी जुने वैर आहे. चौदाव्या लुईच्या काळात व्होबाँ या सैनिकी अभियंत्याने इथे किल्ला बांधला आणि त्याच्या तोफांचा रोख बाझलवर होता. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाल्यावर पॅरिसच्या तहात एक कलम खास बाझलच्या आग्रहाने घातले गेले : हा किल्ला पाडायचा आणि पुन्हा कधी बांधायचा नाही. आज त्याच गावातून नदीकाठची फरसबंद वाट बाझलकडे जाते. पूर्वी या पट्ट्यात बाझलच्या बाजूला सेंट योहानचे बंदर होते. ते हटवून एका औषध कंपनीची वसाहत झाली आणि नदीकाठचा पट्टा चालणाऱ्यांना मिळाला. २०१६ मध्ये ही वाट सुरू झाली. सीमा कुठे ओलांडली हे मला माझ्या फोनने सांगितले. फक्त युरोपीय संघात चालणारे कार्ड घेतलेले असल्याने पलीकडचे नेटवर्क पकडताच पैसे कापल्याचा संदेश आला, आणि घरी पोहोचेपर्यंत असे तीन संदेश आले.

दुपारी परत क्लाइनह्युनिंगेनला बंदराच्या टोकाशी गेलो. तीन देशांचा खरा सांधा पाण्यात आहे, काठावर नुसता खांब उभा केला आहे. या टोकाभोवती बाझल, ह्युनँग आणि वाइल या तिघांनी मिळून एक शहरभाग आखायचे ठरवले. २०१२ मध्ये करार झाला आणि त्याला त्यांनी 'थ्री-लँड' असे सुटसुटीत नाव दिले. बंदराची काही जमीन मोकळी करायची, घरे, बागा, पूल करायचे, ही मूळ कल्पना. चित्रे प्रसिद्ध होताच क्लीबेक आणि क्लाइनह्युनिंगेनच्या लोकांनी त्याला 'राइनहॅटन', म्हणजे ऱ्हाइनवरचे मॅनहॅटन, म्हणून चिडवायला सुरुवात केली. ही कामगारांची, स्थलांतरितांची वस्ती आहे, आणि नदीकाठी उंच इमारती आल्या की आपण इथून उठणार हे त्यांनी चित्रावरूनच ओळखले. तिन्ही नगरपालिकांचे एकमत झाले होते. ज्यांच्या दाराशी काम व्हायचे त्यांचे झाले नव्हते. बाझलच्या राज्यघटनेत कलम ५५ असे आहे की, ज्या प्रश्नाशी एखाद्या भागातल्या लोकांचा विशेष संबंध आहे, त्यावर आपले मत बनवताना सरकारने त्यांना सामील करून घेतले पाहिजे. घटनेत हे कलम असणे मला मोठे वाटते, पण त्याचा उपयोग कुणीतरी चिडल्यावर होतो, हे तिथेही आपल्यासारखेच दिसले.

संध्याकाळी नदीत पोहणारे लोक पाहिले. ऑफिसचे कपडे माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत कोंबायचे, ती पिशवी धरून प्रवाहाबरोबर वाहत जायचे आणि घराजवळ बाहेर पडायचे. याच नदीत १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे वरच्या अंगाच्या श्वाइत्सरहाले येथील रसायनांच्या गोदामाची आग विझवताना वाहून आलेले विषारी पाणी मिसळले. नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत वाम मासे मेले. ऱ्हाइनच्या रक्षणासाठी काठच्या देशांचा आयोग १९५० पासून होता, त्याची स्थापनाही बाझलचीच; पण कृती-कार्यक्रम आला तो आगीनंतर, १९८७ मध्ये.

तिसरा दिवस, रविवार

दुकाने बंद, रस्ते शांत. भाचेजावयांनी मला सायकलवर बसवून आल्श्विलला नेले. हे गाव बाझलला चिकटलेले, कँटन मात्र दुसरे आणि पलीकडे लगेच फ्रान्स. एका रिकाम्या प्लॉटवर उंच काठ्या रोवलेल्या दिसल्या, वरच्या टोकाला आडव्या लाकडी पट्ट्या तिरक्या ठोकलेल्या. मला आधी मांडव वाटला. प्रत्यक्षात तो होऊ घातलेल्या इमारतीचा सांगाडा होता : परवानगीचा अर्ज करणाऱ्याने इमारतीचे कोपरे आणि उंची जागेवर काठ्यांनी दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला आपला उजेड किती अडणार हे नकाशा न वाचता कळते आणि हरकत घ्यायची तर तो मुदतीत घेतो. बत्तीस वर्षे मी लोकांना १:५०० चे नकाशे दाखवून 'समजले ना?' असे विचारत आलो. त्या काठ्यांपुढे मी बराच वेळ उभा होतो.

पुढे फ्रान्सच्या बाजूला खडीच्या खाणी आहेत. बाझलची, सँ-लुईची कितीतरी घरे या खडीतून झाली असतील. खाणींच्या पट्ट्यात दोन्ही देशांतल्या वस्त्यांसाठी टप्प्याटप्प्याने उद्यान करण्याचे काम 'आयबीए बाझल' या उपक्रमातून पुढे आले. आयबीए, म्हणजे आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शन, ही जर्मनीची जुनी पद्धत आहे : एका प्रदेशाने दहाएक वर्षे मुदत ठरवून प्रयोगशील कामे हाती घ्यायची आणि शेवटी ती जगाला दाखवायची. २०१० ते २०२० या काळात बाझलने ती पहिल्यांदा तीन देशांत मिळून राबवली. हे काम पाहणारी संस्था म्हणजे तीन देशांतल्या सुमारे अडीचशे गावे-शहरांचा 'ट्रायनॅशनल युरोडिस्ट्रिक्ट', २००७ मध्ये स्थापन झालेला. त्याला कर बसवता येत नाही, परवानगी देता येत नाही, कुणाची जमीन आरक्षित करता येत नाही. त्याच्याकडे नकाशा आहे, बैठकीचे टेबल आहे आणि युरोपीय संघाच्या सीमापार कामांसाठीच्या इंटररेग निधीसाठी अर्ज लिहिण्याचे कसब आहे. आमच्या खात्यात याला कुणी अधिकारच म्हटले नसते.

खाणीजवळच्या एका कुंपणावर मोठा पिवळा कागद लावलेला होता, त्यावर काळी अक्षरे. फ्रान्समध्ये सार्वजनिक चौकशीची नोटीस अशी पिवळ्यावर काळी लावायची असा नियम आहे, म्हणजे ती दुसऱ्या कशात मिसळत नाही. त्या कागदाचा अर्थ मला संध्याकाळी कळला. भाचीच्या शेजारी एक निवृत्त जर्मन नियोजनकार राहतात. चहाला बोलावल्यावर ते हातात पेन्सिल घेऊनच आले आणि तिन्ही देशांची रीत त्यांनी कागदाच्या पिशवीवर काढून दाखवली.

फ्रान्समध्ये न्यायालय एक स्वतंत्र चौकशी आयुक्त नेमते; तो ठरलेल्या दिवशी नगरपालिकेत वही उघडून बसतो, लोक येऊन लिहितात, बोलतात, आणि तो आपला अभिप्राय देतो. जर्मनीत आराखडा महिनाभर पाहण्यासाठी ठेवतात. आलेल्या प्रत्येक हरकतीचा परिषदेने तोल करायचा असतो, आणि तो नीट केला नाही तर न्यायालय आराखडा रद्द करू शकते. स्वित्झर्लंडमध्ये हरकत आहेच, पण मोठा खर्च असेल तर लोक सरळ मतदान मागतात. बंदराच्या तिसऱ्या धक्क्याचे तसेच झाले : नोव्हेंबर २०२० मध्ये बाझलच्या मतदारांनी त्याच्या खर्चाला मान्यता दिली, जरी जागा जर्मन रेल्वेच्या जुन्या यार्डाची होती आणि तिथे उगवलेल्या दुर्मीळ कोरड्या कुरणासाठी निसर्गप्रेमी भांडत होते.

मी विचारले, की वाइलच्या माणसाला त्या धक्क्याविषयी काही म्हणायचे असेल तर? पर्यावरणावर सीमेपलीकडे परिणाम होणार असेल तर शेजारी देशाला कळवून तिथल्या लोकांचे म्हणणे घ्यायचे, असा १९९१ चा एस्पो करार आहे. "म्हणणे पोहोचते," ते म्हणाले, "मत पोहोचत नाही." त्याचे उलटेही घडते. मे २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मतदारांनी फ्रान्सच्या हद्दीतल्या वाहनतळांना पैसे देण्याचा प्रस्ताव फेटाळला. हे वाहनतळ जिनिव्हात येणाऱ्या मोटारी अडवण्यासाठीच होते. फ्रेंच बाजूच्या लोकांना अर्थातच मत नव्हते. सहभाग जितका घट्ट, तितका तो मतदारयादीच्या हद्दीत अडकतो, आणि मला वाटते या साऱ्या प्रदेशाची खरी अडचण ही आहे. फ्रेंच वही कोणालाही लिहू देते, पण ती कोणाला बांधत नाही. स्विस मतपेटी बांधते, पण ती शेजाऱ्याला उघडत नाही. आमच्या १९६६ च्या कायद्यातली तीस दिवसांची हरकती-सूचनांची मुदत आणि नंतरची सुनावणी मी त्यांना सांगितली. सुनावणीला एका दिवसात किती माणसे ऐकता, असे त्यांनी विचारले. मी खरा आकडा सांगितला नाही.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी निघण्यापूर्वी लांगे एर्लेनच्या रानात एक फेरी मारली. ऱ्हाइनचे पाणी गाळून या झाडीत सोडतात, माती ते पुन्हा गाळते आणि विहिरींतून ते पिण्यासाठी उपसतात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे चालू आहे. वीझं नदी जर्मनीतून इथे येते, त्यामुळे वर वाइल आणि लोराखने काय बांधले याची काळजी बाझलच्या नळाला असते.

मग रेल्वेने फ्रायबुर्ग. तिथला फोबान भाग मला वाचून इतका परिचित झाला होता की प्रत्यक्ष पाहताना फारसे नवल उरले नाही. १९९२ पर्यंत ही फ्रेंच सैन्याची छावणी होती आणि तिला नाव त्याच व्होबाँचे. छावणी रिकामी झाल्यावर नागरिकांच्या मंचाने नियोजनात जागा मिळवली, कुटुंबांनी गट करून बिल्डरशिवाय इमारती बांधल्या, मोटारी कडेच्या वाहनतळांत गेल्या, आणि २००६ मध्ये ट्राम आली. ट्रामच्या रुळांमध्ये गवत आहे आणि त्यावर एक मांजर निवांत बसले होते. दोन तास फिरलो, जेवलो आणि ओफेनबुर्गमार्गे स्ट्रासबर्ग गाठले.

पाचवा दिवस, मंगळवार

फ्रान्सचे स्ट्रासबर्ग आणि जर्मनीचे केल यांच्यामध्ये फक्त ऱ्हाइन आहे, आणि या अंतराचा इतिहास बाझलपेक्षा कितीतरी कडवट आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर केल रिकामे करून फ्रेंचांनी स्ट्रासबर्गचे उपनगर म्हणून ताब्यात ठेवले. मूळ रहिवासी टप्प्याटप्प्याने परतले आणि शेवटचा भाग १९५३ मध्ये मोकळा झाला. तिथल्या ऐंशी-नव्वदीतल्या माणसांना हे आठवते. त्यामुळे 'दोन्ही काठ' हा शब्द इथे पत्रकात येतो तेव्हा त्याला वजन असते.

डी ट्राम धरून पोर-द्यु-ऱ्हँला उतरलो. हा स्ट्रासबर्गचा बंदराकडचा गरीब भाग. एप्रिल २००९ मध्ये नाटोची परिषद दोन्ही काठांवर भरली तेव्हा नेते पादचारी पुलावर भेटले आणि याच वस्तीतले हॉटेल आणि जुनी जकात चौकी दंगलीत जळाली. तो पूल मार्क मिमराम यांचा, २००४ चा; दोन्ही काठांवरच्या एकाच बागेसाठी बांधलेला. त्याचे दोन मार्ग आहेत, एक सखल आणि एक उंच कमानीचा, आणि नदीच्या मधोमध ते एका चौथऱ्यावर भेटतात. चौथऱ्यावर बसून मी डबा खाल्ला. शेजारी दोन आज्या बोलत होत्या, एक फ्रान्सच्या काठची अल्सेशियन बोली बोलत होती आणि दुसरी जर्मन काठच्या बाडनची बोली; दोघींना एकमेकींचे कळत होते. निपाणीच्या बाजारात मराठी-कानडी असेच चालते. त्यांच्याबरोबरची नात मात्र मोबाइलवर फक्त फ्रेंच बोलत होती.

ट्रामचा पूल थोडा उत्तरेला आहे. २९ एप्रिल २०१७ ला ती केलच्या स्थानकापर्यंत पोहोचली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नगरपालिकेपर्यंत. पुलाला सेलेस्टाच्या बेआटुस रेनानुस या मानवतावादी विद्वानाचे नाव दिले आहे आणि त्यावर मोटार चालत नाही. ट्राममुळे केलमध्ये सर्वांत जास्त काय वाढले असेल तर तंबाखूची दुकाने, कारण फ्रान्समध्ये सिगारेट महाग आहे. नगरपालिकेपर्यंतच्या रस्त्यावर मी ती मोजू लागलो आणि कंटाळून सोडून दिले. शाश्वत वाहतुकीच्या अहवालात हा रकाना बहुधा नसतो.

परतीच्या आधी एकदा नदी ओलांडली तेव्हा केल स्थानकावर जर्मन पोलीस ट्राममध्ये चढले. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने साऱ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. माझे पारपत्र उघडून पाहिले, व्हिसा पाहिला, आभार मानले. गाडी चार मिनिटे थांबली. २०२० च्या मार्चमध्ये तर ती पुलाअलीकडेच थांबत होती, आणि तिकडे बाझलची ८ क्रमांकाची ट्रामही क्लाइनह्युनिंगेनहून परत फिरत होती. रूळ तेच राहतात, त्यांवर काय धावेल ते राजधानीत ठरते. मात्र याच काळात दोन्हीकडच्या महापौरांनी आपापल्या सरकारांकडे सीमा उघडण्याचा धोशा लावला होता, आणि त्यासाठी त्यांना एकमेकांचे फोन क्रमांक शोधावे लागले नाहीत.

शेवटी एक इमारत पाहायची राहिली होती. पोर-द्यु-ऱ्हँमध्ये २०१४ पासून दोन्ही शहरांचे मिळून एक पाळणाघर चालते. साठ मुले, निम्मी स्ट्रासबर्गची, निम्मी केलची, आणि सांभाळणाऱ्या बायाही दोन्ही भाषांच्या. इमारत फ्रान्समध्ये, म्हणून कायदा फ्रान्सचा. पण जर्मन पदवीच्या शिक्षिकेला फ्रान्सने पात्र मानायचे कसे, जर्मन आईबापांनी फी कोणत्या दराने द्यायची, मुले बाहेर किती वेळ खेळायची, हे सारे आधी बसून सोडवावे लागते. सँ-लुईच्या स्थानकापेक्षा, मिमरामच्या पुलापेक्षा मला या कामाची जास्त असूया वाटली. पूल बांधायला अभियंता मिळतो. पदव्यांची समानता मान्य करायला दोन देशांच्या कारकुनांना एका खोलीत बसवावे लागते.

पाच वाजता आईबाप येऊ लागले. मी रस्त्यापलीकडच्या बाकावर होतो. एक बाप मुलाला सायकलच्या पुढच्या पेटीत बसवून नदीकडे, जर्मनीकडे निघाला. त्याच्यामागून आलेल्या बाईने मुलीला खांद्यावर घेतले आणि ती शहराच्या बाजूच्या थांब्याकडे चालू लागली. मुलीचा एक बूट रस्त्यावर पडला. सायकलवाल्याने मागे वळून जर्मनमध्ये हाक मारली, बाईने फ्रेंचमध्ये आभार मानले आणि बूट उचलून ती ट्रामच्या दाराशी धावली.